माईकशिवाय भरलेली कॅसेट

कोल्हापुरात भाड्याची खोली बघत फिरत होतो, तेव्हा प्रत्येक घरमालकानं मला आधी आडनाव विचारलं. ते ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. फक्त एका घरमालकानं विचारलं, "घोरता का?"

"घोरतो," मी म्हटलं. "आमचा बा बी घोरायचा."

गडी खूष झाला. "खोटं बोलला न्हाईसा, बरं केलंसा. मागची खोली घ्या. मधी दोन भिंती हायत."

आडनाव त्यांना कळलं ते पुढं कधीतरी, माझ्या नावाचं टपाल आलं तेव्हा. कळलं आणि विसरले. तोवर मी त्यांचा 'पावणं' झालो होतो आणि शेवटपर्यंत पावणंच राहिलो. मी त्यांना मालक म्हणायचो. शिरोलीला फौंड्रीत मी मोल्डर होतो, वाळूचे साचे मारायचो. बायकापोरं गावाकडं, नेसरीच्या पुढं. सुट्टीच्या दिवशी एसटीनं जायचं, परत यायचं. अशी बरीच वर्षं मी त्या मागच्या खोलीत काढली. शाळा माझी चौथीपर्यंत, पण डोळे आणि कान माझे स्वतःचे आहेत. म्हणून हे लिहितोय. कुणाला पटलं नाही तर राहू द्या.

मालक जकात नाक्यावर कारकून होते. दिवसभर ट्रकांचे हॉर्न ऐकून घरी यायचे, आणि घरी त्यांना शांतता पाहिजे असायची. साधीसुधी शांतता नव्हे. ती रेकॉर्डिंगसाठी लागणारी शांतता. रेडिओवर नाट्यसंगीत लागायचं असलं की मालक टेपरेकॉर्डर उचलून रेडिओच्या तोंडासमोर ठेवायचे आणि दाराला लाल फडकं बांधायचे. ते फडकं दिसलं की त्यांच्या बायकोनं, काकींनी, भाकरी थापायची नाही, थापटल्याचा आवाज येतो. नळ सोडायचा नाही. शिंक आली तर अंगणात पळायचं. एकदा मी पाळीवरून आलो आणि सायकल स्टँडवर लावली. खट्ट झालं. मालक चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोललो नाही. सायकल स्टँडवर लावायची नाही तर काय डोक्यावर घ्यायची?

एवढं करूनही काही ना काही आत यायचंच. त्यांच्या एका कॅसेटमध्ये गाणं रंगात आलेलं असताना गल्लीतला भंगारवाला ओरडून गेला होता. मालकांना ती जागा पाठ झाली होती. पाहुण्यांना ती कॅसेट ऐकवताना त्यांचं बोट आवाजाच्या बटणावर असायचं. "आला... आला बघा..." म्हणत ते आवाज बारीक करायचे, गालात हवा धरून बसायचे, मग मोठा करायचे. "गेला. आता ऐका." पाहुण्यांना गाण्यापेक्षा भंगारवाल्याचीच उत्सुकता लागून राहायची.

त्यामुळं माईक ह्या वस्तूवर मालकांचा राग होता. टेपरेकॉर्डरच्या अंगातच असलेलं ते बारीक जाळीचं भोक दाखवून म्हणायचे, "ह्यो चुगलखोर हाय, पावणं. सांगितल्यालं ऐकतोय, आणि न सांगितल्यालं बी ऐकतोय." गल्लीतल्या मंडळानं एकदा गणपतीत त्यांना दोन शब्द बोलायला उभं केलं. हातात माईक दिला. मालकांनी तो काखेत धरला आणि नुसत्या घशानं बोलले. मागच्या लोकांना काही ऐकू आलं नाही. पुढच्यांना नको इतकं ऐकू आलं.

नोकरीतून सुटल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला. गल्लीत पहिला. त्यावर टॉवेल टाकायचे, त्याच्यासमोर चप्पल काढून बसायचे. गाण्याची सीडी घातली की त्याच्या पेटीला कान लावायचे. मला म्हणायचे, "लावा की कान. आत काय ऐकू येतंय?"

"पंखा."

"आणि गाणं?"

"ते हिकडं स्पीकरात."

"मग आत असताना ते काय असतंय?"

मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण असा प्रश्न पडला की ते जेवायचे विसरायचे, आणि काकी ताट झाकून ठेवून माझ्याकडं बघायच्या, जसं काही मीच विचारलाय.

आता मुद्द्याचं सांगतो. माझी थोरली नर्सिंग शिकली आणि नोकरीला मस्कतला गेली. आमच्या घरातलं विमानात बसलेलं पहिलं माणूस. मी फौंड्रीत पेढे वाटले. ती गेली आणि महिन्याभरात आमची मंडळी गोठ्यात पाय घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरनं पायाला वजन लावून खाटेवर झोपवलं, उठायचं नाही म्हणून सांगितलं. फोन होता शेजारच्यांच्या सोप्यात, पुढच्या पडवीत. पोरगी फोन करायची, पण खाट काही सोप्यात जात नाही. शेजारीण येऊन सांगायची, पोरगी बरी आहे म्हणते. त्याच दिवसांत गावात कुणीतरी पुडी सोडली की तुमच्या पोरीला कोल्हापुरात रंकाळ्यावर बघितलं, एका पोराबरोबर.

खाटेवर पडलेल्या माणसाला विचार करायला लई वेळ असतो. मी सुट्टीला गेलो तर हिनं विचारलं, "खरं सांगा, गेली का ती?"

"मी सोता बसवून आलोय."

"मला तिचा आवाज ऐकवा. मग मानते."

मी मालकांना सांगितलं. त्यांच्या कॉम्प्युटरवरून मस्कतला बोलता यायचं, पोरगी तिकडं एका दुकानात जाऊन बसायची. त्या बोलण्यासाठी मालकांनी नाइलाजानं एक माईक आणला होता. काम नसेल तेव्हा त्याच्या तोंडाला रुमाल बांधून ठेवायचे. तर ठरल्या दिवशी पोरगी स्पीकरमधून बोलली, मी माईकमधून बोललो, आणि मालकांनी जुन्या रिवाजानं टेपरेकॉर्डर स्पीकरसमोर मांडला. कॅसेट भरली. मी ती छातीशी धरून गावाला नेली.

हिनं ऐकली. चेहरा बदलत गेला. मग म्हणाली, "परत लावा." परत लावली.

"ही कोल्हापुरात हाय."

"खुळी का काय तू?"

"खुळी तुमी समजलाईसा मला! ती काय म्हंती ऐका. 'आबा, हितं पाऊस न्हाय, नुसतं ऊन.' आणि मागं पत्र्यावर धो धो वाजायलंय ते काय हाय? कावळं वरडायल्यात. तुमच्या मालकाची बायकू दूध उतू गेलं म्हणून बोंबलायलीया. आणि तुमी दोघं बाप-लेक एका खोलीत बसून मला खेळवायलाईसा!"

सगळं खरं होतं. पाऊस खरा, कावळे खरे, दूधही खरंच उतू गेलं होतं. दोघांचे आवाज एकाच टेपरेकॉर्डरनं एकाच खोलीत धरलेले. मी काय समजावणार? मी म्हटलं, "मानायचं तर मान." ती म्हणाली, "माझ्या भावाला निरोप धाडलाय. येत्या बाजारच्या दिवसानंतर त्यो कोल्हापूरला येतोय. खोली न खोली बघंल, तिला केसाला धरून आणंल." आणि तोंड भिंतीकडं केलं.

माझा मेव्हणा म्हणजे पाच गावांत तोंड चालणारा माणूस. त्यानं नुसतं 'पोरगी शोधाय आलोय' असं स्टँडवर कुणाला म्हटलं असतं तरी माझ्या पोरीचं नाव संपलं होतं. ती मस्कतला पेशंटची पथारी बदलत बसली असती आणि इकडं तिचं लग्न लावून, मोडून, सगळं झालं असतं.

मालकांना सांगितलं, तर आधी त्यांना आनंदच झाला. मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणलं न्हवतं? चुगलखोर!"

"मालक, ह्यानं पावसाची चुगली केली आणि माझी पोरगी खोटी पडली."

मग मात्र त्यांनी मांडीवरचा हात काढून घेतला. म्हणाले, "कॅसेट मी भरली. म्हंजे चूक माझ्या घरची हाय. बसा."

आधी आम्ही वाकळा आणल्या, जाड गोधड्या. खिडक्या बंद, स्पीकर आणि टेपरेकॉर्डर टेबलावर समोरासमोर, त्यावर वाकळ, आणि वाकळंखाली आम्ही दोघं, बटण दाबायला. घामानं भिजलो. पाऊस तरी आलाच, वर मालकांचा श्वास आला. काकी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सत्तरी जवळ आली आणि लपाछपी सुचतीया."

मग मालकांनी वायर आणली. एक टोक कॉम्प्युटरला, दुसरं टेपरेकॉर्डरच्या पिनेच्या भोकात. पाऊस गेला, पण त्या जागी भुंग्याची गुणगुण आली. पोरीच्या आवाजाऐवजी एक गाणं लावून बघितलं होतं, तर गाणारी बाई पत्र्याच्या डब्यात कोंडून ओरडल्यासारखी. मालकांनी वायर उपटली.

शेवटचं जे झालं ते रागात झालं. मालक म्हणाले, "ह्या माईकला मी कॉम्प्युटरातनंच हद्दपार करतो." आवाज कमी-जास्त करायची चौकट उघडली, तिच्यात आणखी एक चौकट निघाली. कॉम्प्युटरनं कुठून ऐकायचं, ह्याची नावं तिथं ओळीनं मांडलेली. माईकवर खूण होती. ती मालकांनी काढायला बघितली तर निघेना. एकावर खूण पाहिजेच. तेव्हा त्यांनी दात खाऊन सगळ्यात खालच्या नावावर खूण मारली. का, तर ते माईकपासून सगळ्यात लांब होतं म्हणून. बाकी काही डोकं चालवलेलं नव्हतं, हे मी समोर होतो म्हणून सांगतो.

मागं सीडीवर भजन चालू होतं. रेकॉर्डिंगच्या खिडकीत आवाज दाखवणारी एक हिरवी रेघ असते, ती हलायला लागली. माईकच्या तोंडाला रुमाल होता. मालकांनी माईकची वायरच काढून हातात घेतली. रेघ हलतेच.

"पावणं, वरडा!"

"काय वरडू?"

"कायबी!"

मी फौंड्रीत भट्टीजवळ हाक मारायचो तशी हाक मारली. शेजारचं कुत्रं भुंकलं. रेघेवर त्याचं काही नाही. मालकांनी भजन थांबवलं आणि मला परत ओरडायला लावलं. रेघ सरळ, मुडद्यासारखी. भजन लावलं, रेघ नाचायला लागली.

मालक खुर्चीत मागं टेकले. "हे माझं ऐकत न्हाय. तुमचं ऐकत न्हाय. पावसाचं न्हाय. हे सोताचं सोताच ऐकायलंय."

पुढं दोन दिवस माणूस त्याच नादात. मधूनच कानात बोटं घालून गुणगुणायचे आणि मला विचारायचे, "आपण सोताचं ऐकतो, ते आतनं का भाईरनं?" अंघोळीला गेले की बंबाजवळ उभे राहून डोकं हलवून बघायचे. काकी म्हणाल्या, "ह्यांच्या डोक्यात हाय ते भाईर येतंय का बघा, मी नैवेद्य दाखवीन."

कॉम्प्युटरचं आपलं रेकॉर्डिंग मिनिटभरात आपोआप बंद पडायचं. मालकांनी एका कॉम्प्युटर क्लासवाल्याकडून न थांबणारा दुसरा प्रोग्रॅम आणला. सगळं सज्ज झालं आणि बाजाराच्या आधीच्या दिवशी पोरगी लाईनवर आली.

"आबा, बोला की."

मी बोललो. पोरगी म्हणाली, "आबा? तुमचं कायच ऐकू येत न्हाय. माझाच आवाज मला परत यायलाय."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मग उलगडा झाला. कॉम्प्युटरला कान एकच. तो त्यानं आत वळवला होता. जे तो ऐकणार तेच तिकडं पाठवणार. पोरगी बोलायची, ते इथं वाजायचं, ते हा ऐकायचा आणि तिचं तिलाच परत करायचा. आमचं बोलणं त्याच्या गावीच नव्हतं.

"एकतर तुमचं ऐकंल, न्हायतर सोताचं," मालक म्हणाले. "दोन्ही न्हाय. काय करू?"

"तिचं तेवढं येऊ द्या."

"मग तुमी सांगा, मी टाईप करतो."

मी सांगायचं आणि मालकांनी इंग्रजी अक्षरांत मराठी ठोकायचं. एका बोटानं. प्रत्येक अक्षर शोधून काढायचं, सापडलं की त्याचं नाव घेऊन दाबायचं. "आईचा पाय बरा होतोय" एवढं लिहायला चहा निवायचा. तोवर पोरगी तिकडं गप्प बसून राहायची. मग वाचून म्हणायची, "बरं वाटलं, आबा. दुखतं का गं आई अजून?" आपण आईसाठी बोलतोय हे तिला ठाऊक होतं, म्हणून मधूनच आईशीच बोलायची.

शहरातल्या एका रेकॉर्डिंगवाल्याकडून ते कॅसेटवर उतरवून घेतलं. मी पिशवी उचलली तर मालक टोपी घालून तयार.

"तुमी कुठं?"

"नेसरीला. माझी कॅसेट हाय, निकाल मला ऐकायचाय."

घरात शिरल्या शिरल्या त्यांनी हिला नमस्कार केला. मी म्हटलं, "हे मालक." ही म्हणाली, "जयभीम. दूध उतू घालणारे का?" मालक म्हणाले, "ते आमच्या मंडळींचं काम. मी फक्त रेकॉर्डिंग करतो." आणि खाटेजवळ पाटावर बसले.

कॅसेट लावली. कावळे नाहीत. पाऊस बाहेर आमच्या कौलांवर पडत होता, पण कॅसेटमध्ये पाऊस नव्हता. नुसती पोरगी. तिच्या मागं कसलं तरी थंड हवेचं मशीन गुणगुणत होतं, आणि लांब कुणीतरी आपल्याला न कळणाऱ्या भाषेत कुणाला तरी हाक मारत होतं. मालक हिच्या तोंडाकडं बघत होते, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

कॅसेट संपली. ही म्हणाली, "भावाला निरोप धाडा. येऊ नको म्हणावं."

मालकांनी माझ्याकडं बघून मान उडवली. तेवढ्यात ही रडायला लागली.

"आता काय झालं?" मी म्हटलं. "पटलं न्हवं?"

"पटलं की. लांब हाय पोरगी." पदरानं नाक पुसलं. "त्या पावसात, कावळ्यांत हुती तवर रागात का असंना, हितंच हाय म्हणून घास गिळत हुते. आता हिच्या मागं आपलं कायच न्हाय."

मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी पुसून पुसून जे स्वच्छ केलं होतं, त्यात तिला पोरीच्या मागं मोकळं दिसलं.

थोड्या वेळानं हिनं विचारलं, "मालक, ही मधी मधी एवढी गप का ऱ्हाती? दमती का?"

"न्हाय वैनी. तवा आम्ही हिकडनं सांगत हुतो. मी लिवत हुतो. आमचं बोलणं ह्यात येत न्हाय. ह्यात फक्त तिकडचं."

"ह्यांचं बी न्हाय?"

"एक अक्षर न्हाय."

मी एवढं सांगितलं होतं पोरीला, आणि माझं एक अक्षर त्यात नव्हतं. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू? ही मात्र डोळे पुसून कोपरावर उठायला लागली. "परत लावा," म्हणाली. "पहिल्यापास्नं."

पोरगी बोलली, "आई, मी बरी हाय गं." आणि गप्प झाली. त्या थांबलेल्या वेळात ही म्हणाली, "बरी हाईस तर जेवलीस का सांग."

कॅसेटमधून पोरगी म्हणाली, "पगार झाला, आबा."

"थांबवा," ही म्हणाली. "मागं घ्या." मी मागं घेतली. परत ती जागा आली. ही म्हणाली, "पगार झाला का गं?"

"पगार झाला, आबा."

"जपून ठेव. आबाला किती देतीस ते मला आधी सांग."

असं करत करत हिनं प्रत्येक रिकाम्या जागेत आपलं काही ना काही बसवलं. कुठं नीट बसलं, कुठं बसलं नाही, तिथं मागं घ्यायला लावलं. मी जन्मभर साच्यातल्या पोकळीत लोखंड ओतलं, ह्याचं मला नवल वाटायला नको होतं. पण वाटलं. दुपार सरली तरी हिचं चालूच होतं. शेजारीण डोकावली आणि म्हणाली, "कुणाशी बोलतीस गं?" ही म्हणाली, "पोरगी हाय मस्कतहून. मधी बोलू नको."

मालक पाटावर बसून होते. चहा तसाच. त्यांनी कुणाला गप्प केलं नाही.

परतीच्या एसटीत गडहिंग्लज आलं तशी त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पावणं, पुढच्या टायमाला मी सावकाश टाईप करणार."

"आणखी किती सावकाश, मालक?"

त्यांनी हे मनाला लावून घेतलं, आणि पुढच्या वेळी पोरगी लाईनवर आल्या आल्या, मला काही सांगू न देता स्वतःच टाईप करायला बसले. तोंडानं अक्षर अक्षर म्हणत होते, म्हणून मला कळलं. "बोल. मग थांब. मधी आई बोलत्या."

मग पोरगी म्हणाली, "आई? आई कशी बोलती?"

मालकांनी लिहिलं, "कॅसेटशी."

मशीनची गुणगुण तेवढी. मग हळू आवाजात, "किती वेळ थांबू, काका?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "लिवा, आईला बोलायचंय तेवढं."

त्यांनी लिहिलं. पोरगी हसली. "मग कॅसेट पुरायची न्हाय, काका," म्हणाली. आणि एकदम आईच्या खाटेजवळ बसल्यासारख्या आवाजात म्हणाली, "आई, भाकरीला कोण हाय गं तुझ्या?"

मालकांनी उत्तर टाईप केलं नाही. बोट अक्षरांच्या वर धरून तसेच बसले. मीही काही सांगितलं नाही. तिकडं पोरगी थांबली होती. हिरवी रेघ जवळजवळ सरळ पुढं चालली होती, आणि आम्ही ती तशीच चालू दिली.